सोसायटीच्या बागेत पालापाचोळ्याचं खत कसं करावं

मुंबईत पानगळीचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हाच पाचोळा साठवा. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं की गोण्या भरून मिळतात. त्यातल्या गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक तेवढं निवडून टाका. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, बदाम यांची मात्र चुरूनच घ्या. बदामाची अख्खी पानं पत्रावळींसारखी एकमेकांना चिकटतात, मग मध्ये हवाही जात नाही आणि पाणीही. निलगिरी नकोच.

सावलीत, थेट मातीवर, साधारण तीन फूट लांब-रुंद-उंच असा जाळीचा पिंजरा उभा करा. ढीग याहून फार लहान असला तर नीट तापत नाही.

आता पाणी. सगळे घोळ इथेच होतात आणि सल्ला देणारे नेमकं यावरच गप्प बसतात. कोणी महागडं कल्चर (पाला कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) घ्यायला सांगतो, कोणी गूळ-ताक. काही गरज नाही, जुन्या खताची दोन घमेली पुरतात. पाण्याबद्दल कोणी बोललंच तर ‘वरून रोज पाणी शिंपडा’ म्हणतो, पण हा सल्ला देणाऱ्याने ढिगात कधी हात घातलेला नसतो. वाळलेल्या पानावर मेणचट थर असतो, पाणी त्यावरून घरंगळून खाली जातं. वर ओलं दिसतं, आत महिनाभरानंतरही पान कुरकुरीत. मीही बरेच दिवस असंच पाणी वाया घालवलं. म्हणून पानं टबात रात्रभर भिजवा, निथळू द्या आणि मगच भरा. तीन टोपल्या पानांना एक टोपली भाजीचे देठ, निर्माल्यातली फुलं किंवा शेण. नुसत्या पाचोळ्यात नत्र (नायट्रोजन) फार कमी, तो वर्षभर तसाच पडून राहतो. मूठभर घेऊन पिळा: एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त.

जूनमध्ये प्रश्न उलटा होतो. उघड्या ढिगात पाऊस भरला की हवा कोंडते, घाण वास सुटतो आणि कमिटीची नोटीस येते. वर ताडपत्री उतरती बांधा. बाजू उघड्याच ठेवा, चारही बाजूंनी गुंडाळाल तर तोच वास येईल. आणि एप्रिलमध्येच दोन गोण्या कोरडा पाचोळा छपराखाली बाजूला काढा. ढीग चिकट झाला की उपसून त्यात हाच मिसळायचा असतो, आणि जुलैत मुंबईभर शोधलात तरी कोरडं पान मिळणार नाही. हे मी दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणी ऐकत नाही.

दर पंधरवड्याला ढिगातलं खालचं वर करा.

बारीक पानांचं खत पावसाळा संपेपर्यंत होतं, जाड पानांना आणखी काही महिने लागतात. काळं, भुसभुशीत, मातीचा वास आला की चाळा आणि ऑक्टोबरात मेथी-माठाच्या वाफ्यात दोन इंच मिसळा. चाळणीवर उरलेलं अर्धकच्चं मातीत कालवू नका. ते कुजताना मातीतलंच नत्र ओढतं आणि रोपं पिवळी पडतात. झाडांच्या बुंध्यापासून वीतभर लांब, आच्छादन म्हणून पसरा.