पकवरची नजर काढा: ड्राफ्टसाठी आइस हॉकीपटू कसा पारखावा

नवख्या स्काउटला, म्हणजे संघांसाठी होतकरू खेळाडू हेरणाऱ्याला, पहिला सल्ला कायम हाच मिळतो: गुणतक्ता उघड, वरची वीस नावं काढ आणि तीच पोरं पाहा. हा सल्ला देणाऱ्याला थंडगार रिंकमध्ये बसायचा कंटाळा आहे, एवढंच त्यातून कळतं. तक्ता एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगच्या, ३२ही संघांकडे असतो. तक्त्यात न दिसणारं काही तुम्ही पाहिलं असेल तरच तुमच्या अहवालाला किंमत.

मी लिहितोय ते ओंटारिओ हॉकी लीग, म्हणजे ओएचएल, डोळ्यांपुढे ठेवून. प्रत्येक संघाचे सप्टेंबर ते मार्च ६८ सामने, आणि पोरं साधारण सोळा ते विशीतली. ब्रॅम्प्टन, ओशावा, ग्वेल्फ, किचनर, सगळीकडे संघ आहेत, त्यामुळे टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सामने घरापासून गाडीच्या पल्ल्यात आहेत. तिकीट काढलं की झालं, ओळखपत्र कुणी मागत नाही. ऑफसाइड आणि आयसिंग अजून कळत नसेल तर एक हंगाम नुसती मजा म्हणून पाहा, मग पुढचं वाचा.

आधी जन्मतारीख

वहीत नावाच्या आधी जन्मतारीख लिहायची. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तरच मुलगा ड्राफ्टला, म्हणजे एनएचएलचे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू उचलतात त्या निवडीला, पात्र. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ साली टोरांटोने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. उलट टोकाला मॅथ्यू शेफर, जन्म ५ सप्टेंबर २००७, म्हणजे २०२५च्या ड्राफ्टमधल्या सर्वांत लहानांपैकी एक. कॉलरबोन मोडल्यामुळे त्या हंगामात ओएचएलमधल्या एरी ऑटर्सकडून तो जेमतेम १७ सामने खेळला, तरी न्यूयॉर्क आयलँडर्सनी त्याला पहिला घेतला. एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि सतराव्या वर्षी वर्षभरात खांदे, पाय, सगळं बदलतं. थोराड मुलगा लहानग्याला रिंकच्या कडेच्या बोर्डावर दाबतोय म्हणून लगेच भारावून जाऊ नका.

बसायचं कुठे? वर, कोपऱ्यात. काचेला नाक लावून बसणाऱ्याला आवाज भरपूर ऐकू येतो आणि खेळ अर्धाच दिसतो. वॉर्म-अप चुकवू नका, कोण कुठल्या हाताचा आणि कोणाची वळणं कच्ची हे तिथेच कळून जातं.

एक मुलगा, एक शिफ्ट

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. माझंही बरेच दिवस अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका सामन्यात दोन मुलं निवडा, फार तर तीन. मुलगा बेंचवरून उडी मारून बर्फावर उतरला की परत बेंचवर बसेपर्यंत नजर फक्त त्याच्यावर. शिफ्ट असते चाळीस-पन्नास सेकंदांची. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्याच शिफ्टला पंधरा सेकंदांत डोळे पकमागे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीमागे, पळतात. आपल्याला लहानपणापासून क्रिकेटच्या चेंडूमागे नजर न्यायची सवय, ती सहजासहजी सुटत नाही. त्यात प्रेक्षक ओरडतात, गोलचा भोंगा वाजतो, वर मोठ्या पडद्यावर रिप्ले सुरू होतो. पडद्याकडे बघायचं नाही. हुकलेला गोल रात्री घरी व्हिडिओवर बघता येईल. पण कॅमेरा पकमागे फिरतो, तेव्हा चौकटीबाहेर तुमचा मुलगा काय करत होता हे कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही. तिकिटाचे पैसे तेवढ्यासाठीच दिलेत.

मग पाहायचं काय? मुलगा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, आहे असं धरू. समोरच्या संघाने पक आत फेकलाय, तो कोपऱ्यातल्या बोर्डावर खडखडत जातोय आणि आपला मुलगा खेळाकडे पाठ करून तो आणायला निघालाय. आता त्याच्या हेल्मेटकडे बघा. मान खांद्यावरून मागे वळली का? कधी? चांगला मुलगा वळतानाच एकदा बघतो आणि काठी पकला लागायच्या आत पुन्हा एकदा. धावून येणारा फॉरवर्ड कुठल्या खांद्यावर आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून तो एका बाजूला खांदा पाडून फसवतो, दुसऱ्या बाजूने वळून निघतो, आणि पास जातो थेट मधल्या सेंटरकडे. न बघणारा मुलगा आधी पक घेतो आणि मग मान वर करतो. तोवर अंगावर माणूस आलेला असतो. घाईघाईत तो पक बोर्डावरून नुसता बाहेर भिरकावतो.

दोन्ही वेळा पक बाहेर गेला, आकडेवारीत दोघे सारखेच. पण वरच्या पातळीवर अंगावर येणारा फॉरवर्ड अर्धा सेकंद आधी पोचतो, आणि तिथे दुसऱ्याचं सगळं दुकान बंद पडतं. वहीत यासाठी मी वेगळा रकाना ठेवतो: दोनदा पाहिलं, एकदा पाहिलं, पाहिलंच नाही. तिन्ही पिरियडमधल्या खुणा मोजल्या की मुलगा बऱ्यापैकी कळतो.

फॉरवर्ड असेल तर पक हातचा गेल्यानंतरचे पहिले तीन स्ट्राइड बघा. कडक ब्रेक मारून परत फिरतो, की ऐटीत मोठा गोल वळसा घेऊन येतो? वळशात वेग राखला जातो असं काही प्रशिक्षक सांगतात. सांगू देत. वळसा पुरा होईपर्यंत त्याचा माणूस आपल्या गोलसमोर उभा असतो.

माझं ठाम मत असं की स्केटिंग दुरुस्त होतं. उन्हाळाभर चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली मुलगा काढला तर पाय सुधारतात. मान वळवायची सवय सतराव्या वर्षापर्यंत लागली नसेल तर पुढे लागलेली मी क्वचितच पाहिली आहे. त्यामुळे सुंदर स्केटिंगवर भाळून यादी बनवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

एका रात्रीवर निकाल द्यायचा नाही. मुलगा घरच्या रिंकवर पाहा, बाहेरगावी पाहा आणि जमल्यास तीन दिवसांत तिसरा सामना असेल त्या रविवारी पाहा. दमलेला मुलगा काय काय सोडून देतो ते तेव्हा उघडं पडतं. सामना ६-१ झाला की वही मिटा, त्यानंतरच्या खेळाला अर्थ नसतो.

जोडीदाराचा हिशेब

एका गोलमागे दोघांना असिस्ट, म्हणजे गोलआधीच्या पासचं श्रेय, मिळू शकतं, त्यामुळे भारी जोडीदाराच्या सावलीत गुण आपोआप जमतात. पॉवर प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुण आणि दुसरं असिस्ट बाजूला काढून काय उरतं ते बघा. पण हा नियमही डोळे मिटून लावू नका. अॅलेक्स डिब्रिंकॅटने एरीकडून २०१४-१५मध्ये ५१ गोल केले, तेव्हा बऱ्याच जणांनी ती संघातल्या कॉनर मॅकडेव्हिडची पुण्याई ठरवली. मॅकडेव्हिड २०१५च्या ड्राफ्टमध्ये पहिला जाऊन एडमंटनला गेला, आणि पुढच्या हंगामात डिब्रिंकॅटने पुन्हा बरोब्बर ५१ गोल केले. डिलन स्ट्रोम हा दुसरा भारी सेंटर संघात होता हे खरं, तरी शंका फिटायला एवढं पुरेसं होतं. तरीही जेमतेम पाच फूट सात इंचांचा म्हणून डिब्रिंकॅट २०१६च्या ड्राफ्टमध्ये ३९व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याला घेणाऱ्या शिकागोचं फावलं.

अहवाल

त्याच रात्री लिहा, स्कोअरशीट बघायच्या आधी. ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘नेतृत्वगुण’ हे शब्द बंद, ते कुणालाही चिकटतात. जे दिसलं ते लिहा. नमुना देतो: ‘मागे जाताना बहुतेक वेळा दोनदा पाहतो. उजवीकडून दाब आला तर सेंटरला शांतपणे पास. डावीकडून आला की बोर्डावरून फेकतो, तीनदा. तिसऱ्या पिरियडमध्ये बघणं एकदावर आलं.’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला मुलगा दिसतो.

शेवटी धाडसाचं वाक्य हवंच: तेविसाव्या वर्षी हा काय असेल, आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्यांपैकी कितवीत मी याला घेईन. ‘पाहत राहावं’ असं लिहिणं म्हणजे पळवाट. आणि एनएचएल सेंट्रल स्काउटिंगची, म्हणजे लीगच्या स्वतःच्या स्काउट विभागाची, यादी आपली यादी पुरी होईस्तोवर उघडायची नाही, एकदा वाचली की डोळे तिच्याच क्रमाने बघू लागतात. तसंही त्यात उत्तर अमेरिकेतले आणि बाहेरचे खेळाडू वेगळे असतात, गोली म्हणजे गोलरक्षकही वेगळे, त्यामुळे सगळ्यांचा एकत्र क्रम तुम्हालाच लावावा लागतो.

मुलाचे वडील शेजारी येऊन बसले तर हवापाण्याच्या गप्पा माराव्यात आणि वही खिशात घालावी.

गोलींबद्दल मी वर काही लिहिलं नाही, ते मुद्दाम. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० साली २०५वा गेला, पेक्का रिने २००४ साली २५८वा, आणि दोघेही पुढे वर्षानुवर्षं एनएचएलमध्ये आपापल्या संघाचे पहिल्या पसंतीचे गोली राहिले. गोली उशिरा पिकतात, शिवाय त्यांचं उभं राहणं आणि कोन धरणं कळायला स्वतः पॅड बांधून उभं राहिलेला माणूस लागतो. मी राहिलेलो नाही. माझ्या यादीत गोलींचं पान मी तसा अनुभव असलेल्या मित्राकडून भरून घेतो, तुम्हीही तेच करा.