स्प्रे पायरोलिसिस: पोकळ पूड कशी टाळायची

स्प्रे पायरोलिसिस म्हणजे क्षारांच्या द्रावणाचे बारीक थेंब तापलेल्या नळीतून नेऊन त्यांची पूड करणं. बॅटरीसाठीच्या लिथियम मँगनीज ऑक्साइडची माझी अशी पहिली पूड काळीभोर होती आणि बाटली काठोकाठ भरली होती. मी खूश. वजन केलं तर जेमतेम काही ग्रॅम! एक्स-रे आलेख स्पिनेलचा (या ऑक्साइडला हवी तीच स्फटिकरचना), अगदी चोख. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नुसती फुटकी टरफलं. असली पूड इलेक्ट्रोडवर दाबून बसत नाही, तेवढ्याच जागेत लिथियम कमी मावतं. तेव्हापासून मी आधी थेंबाचा विचार करतो, भट्टीचा नंतर.

लिथियम मँगनीज ऑक्साइड सुरुवातीला सोपं. अर्धा लिटर द्रावणासाठी लिथियम नायट्रेट 18.1 ग्रॅम आणि मँगनीज नायट्रेट टेट्राहायड्रेट 125.5 ग्रॅम. यात लिथियम 5 टक्के जादा धरलंय, कारण तापल्यावर त्यातलं थोडं उडून जातं. दोन्ही क्षार हवेतलं पाणी ओढतात. लिथियम नायट्रेट वाळवून लगेच तोला. मँगनीजचं प्रमाण द्रावणाचं टायट्रेशन (माहीत तीव्रतेच्या दुसऱ्या द्रावणाने मोजणी) करूनच ठरवा, डबीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

1.7 मेगाहर्ट्झच्या नेब्युलायझरमधून (कंपनांनी द्रावणाचं धुकं करणारं यंत्र) साधारण 3 मायक्रॉनचे थेंब निघतात. या द्रावणाचा असा थेंब भरीव राहून वाळला, तर कण सुमारे 0.8 मायक्रॉनचा होतो. द्रावण आठपट पातळ केलं तरी कण फक्त निम्मा होतो, म्हणून कणाचा आकार बदलायला पाणी ओतत बसण्यात फारसा अर्थ नाही. नेब्युलायझर द्रावणाला तापवतो आणि ते हळूहळू घट्ट होत जातं. भोवती गार पाणी फिरवा.

आता माझी चूक. आतून 5 सेंटीमीटर रुंद नळी, तापणारा भाग 1 मीटर, हवा मिनिटाला 5 लिटर. कागदावर थेंब साडेतेवीस सेकंद आत राहतो. पण 800 अंशांना हवा साडेतीनपटीहून जास्त फुगते, आणि हातात उरतात साडेसहा सेकंद! एवढ्या घाईत थेंबाच्या पृष्ठभागावर पापुद्रा धरतो, आतलं पाणी अडकतं आणि वाफ होऊन कवच फोडतं. म्हणून सुरुवातीचा टप्पा 200 अंशांच्या आसपास ठेवा, पुढचा 800ला, आणि हवा कमी करा. काही जण सायट्रिक ॲसिड घालतात. मी टाळतो, नायट्रेटबरोबर ते भडकून जळतं.

नळीच्या टोकाला पूड अडवणारी गाळणी 150 अंशांच्या आसपास गरम ठेवा. गार पडली की वाफेचं पाणी होतं आणि पुडीचा चिखल. बाहेर पडणारा तपकिरी वायू विषारी असतो. तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन बाटल्यांतून न्या, सगळं फ्यूमहूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणारं बंदिस्त कपाट) करा, आणि हवा ओढणारा पंप सगळ्यात शेवटच्या टोकाला जोडा, म्हणजे फट राहिली तरी वायू बाहेर येणार नाही.

मग हवेतच 750 अंशांना काही तास भाजा आणि भट्टी सावकाश निवू द्या. तापताना गेलेला ऑक्सिजन तेव्हाच परत येतो. शेवटी मोजपात्रात पूड भरून ती खाली बसेपर्यंत आपटा. पातळी निम्म्याखाली घसरली, तर पूड पोकळ आहे; भट्टीला दोष देण्याआधी रोटामीटर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणारी नळी, बघा.