वॉर रिक्वीम पहिल्यांदा ऐकताय? मग असं ऐका

इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं वॉर रिक्वीम (रिक्वीम म्हणजे मृतांसाठीची ख्रिस्ती प्रार्थना, इथे गायक आणि ऑर्केस्ट्रासाठी रचलेली) जवळपास दीड तासाचं आहे, काम करता करता बॅकग्राउंडला लावलंत तर हाती काही लागणार नाही. आधी शब्द समोर ठेवा, कारण सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) आणि मोठा कोरस लॅटिन प्रार्थना गातात आणि मधेच टेनर-बॅरिटोन (उंच आणि मधल्या पट्टीचे दोन पुरुष गायक) कवी विल्फ्रेड ओवेनच्या इंग्लिश कविता घेऊन येतात, त्या प्रार्थनेलाच उलट प्रश्न करणाऱ्या (ओवेन स्वतः सैनिक, 1918 मध्ये पहिलं महायुद्ध संपायच्या आठवडाभर आधी मारला गेला). हेडफोन लावाच, मुलांचा कोरस मुद्दाम लांबून येतो. सुरुवातीच्या घंटा नीट ऐका, सा आणि तीव्र म, हे अस्वस्थ अंतर शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. एका बैठकीत झेपत नसेल तर सरळ शेवटचा भाग घ्या, मारलेला आणि मारणारा भेटतात तो. रेकॉर्डिंग 1963 चं, ब्रिटननं स्वतः कंडक्ट केलेलं.