इंग्लिश ओपनिंग शिकताना आधी बी५ची वाट शिका

बुद्धिबळात पांढऱ्याने पहिल्याच चालीला सी४, म्हणजे प्यादं सी४ घरात, खेळलं की ती इंग्लिश ओपनिंग. ही हॉवर्ड स्टाँटन या इंग्लिश खेळाडूची आवडती सुरुवात. १८४३च्या फ्रेंच खेळाडू सँ-तामांविरुद्धच्या सामन्यात त्याने ती खेळली आणि पुढे 'इंग्लिश' हे नाव तिला चिकटलं. शिकायला बसलं की बहुतेक जण वीस-वीस चालींचे फाटे पाठ करतात. माझं मत स्पष्ट आहे: एकच रचना घ्या, पण ती मुरवा.

चाली वाचताना नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं; घराच्या नावाआधी एन म्हणजे घोडा, बी म्हणजे उंट, आर म्हणजे हत्ती. पांढऱ्याने सी४, एनसी३, जी३, बीजी२, डी३; काळ्याने ई५, एनसी६, जी६, बीजी७, डी६. आता पट मांडून जी२वरच्या उंटाची तिरकी रेघ बोटाने दाखवा. ती ई४, डी५, सी६वरून थेट बी७पर्यंत जाते. म्हणूनच आरबी१ खेळून बी४-बी५ रेटायचं. बी५ झालं की सी६चा घोडा हुसकला जातो, रेघ मोकळी होते आणि बी७चं प्यादं उघडं पडतं. काळ्याने ए५ खेळून अडवलं, तर आधी ए३, मग बी४. घाई नको, तुमचा हल्ला वजिराच्या बाजूने सावकाशच पिकतो.

एक जपा. सी४ खेळल्याने डी४ घर कच्चं राहतं आणि काळा घोडा तिथे ठाण मांडायला टपलेला असतो. राजाकडचा घोडा ई२ला नेणार असाल तर ई३ वेळेवर खेळा.

पुढचे दहा डाव हीच रचना खेळा. प्रत्येक डावानंतर वहीत एवढंच लिहा: बी५ कितव्या चालीला झालं, आणि सी६चा घोडा कुठे गेला?