शब्दकोड्यातला चकवा असा पकडा

सकाळच्या पेपरातल्या शब्दकोड्यात अडलात, तर सूचनेचं चित्र डोळ्यांपुढून पुसून टाका आणि नुसते शब्द वाचा. ‘वाळपईला जायला आजोबांनी गाठली (३)’ म्हटलं की गोव्यातल्या माणसाला ‘कदंबा’, म्हणजे तिथली सरकारी बस, सुचणारच. तीन घरांत बसतेही! पण सूचनेचे दोन तुकडे करा. वाळपई कुठल्या तालुक्यात? आजोबांनी काय गाठली? दोन्हीचं उत्तर एकच, सत्तरी. चकवा बहुतेकदा क्रियापदात असतो: गाठणे, लागणे, उतरणे, सुटणे. त्यामुळे त्याचे सगळे अर्थ आठवा. मात्र त्याच क्रियापदाचं लिंग-वचन फसवत नाही. ‘गाठली’ म्हणजे उत्तर स्त्रीलिंगीच.

‘उलटी’, ‘फिरली’, ‘माघारी’ असे शब्द दिसले की अक्षरं मागून वाचा, काना-मात्रेसकट. ‘नदी उलटी वाहिली की गरीब (२)’, म्हणजे दीन. अशी सूचना मला फार देखणी वाटते, कारण काहीच लपवलेलं नसतं.

जोडाक्षराला एकच घर, हे मोजताना विसरू नका.

आता ही सोडवा: ‘डिचोली तालुक्यातल्या दाराला लावलेली (३)’. उत्तर साखळी: डिचोलीतलं गावही तेच.