ऑल-ग्रेन बिअर: मॅशमधून साखर कमी उतरत होती, ती कशी वाढली

लंडनमध्ये घरी ऑल-ग्रेन बिअर बनवतो, म्हणजे तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून. 5 किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली), 20 लिटर वॉर्ट (आंबवण्याआधीचं गोड पाणी), आणि हायड्रोमीटर (घनता मोजणारी नळी; साखर जास्त तर आकडा जास्त) काही केल्या 1.041 च्या वर जाईना. म्हणजे माल्टमधून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी जेमतेम 55 टक्के हाती. मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरड माल्ट) 90 मिनिटं ठेवला, स्पार्जचं (उरलेली साखर धुवून काढायचं) पाणी जास्त गरम केलं. चार बॅच अशाच गेल्या, फार वैताग आला.

शेवटी दुकानातून भरडून आलेलं माल्ट तळहातावर पसरलं. एका मुठीत दहा-बारा दाणे अख्खे! दोष तिथेच होता.

आता अख्खं माल्ट आणतो. 5 किलोवर 100 मिली पाणी फवारून, हलवून दहा मिनिटं ठेवतो. टरफल चिवट होतं, चुरा होत नाही. मग रोलर मिलची फट 0.9 मिमी ठेवून भरडतो. पीठ नको, गाळणी तुंबते. एवढ्यानेच 1.049 आलं.

पुढचं असं: 15 लिटर पाण्यात 66 अंशांवर मॅश, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं. इथलं पाणी जड, त्याने पीएच (आम्लतेचं माप) वर राहतो, म्हणून दहा मिनिटांनी नमुना गार करून पीएच मोजतो आणि लॅक्टिक आम्ल एकेक मिली घालत 5.4 वर आणतो. तासाभराने वॉर्ट गढूळपणा जाईपर्यंत परत दाण्यांवर ओततो, मग पूर्ण निथळू देतो. नंतर 76 अंशांचं साडेसात लिटर पाणी, नीट ढवळून दहा मिनिटं, निथळणं, पुन्हा तेवढंच. स्पार्जचं सगळं 15 लिटर एकदम ओतू नका. उकळीआधी साधारण 25 लिटर मिळतं.

गेल्या तिन्ही बॅच 1.055.