तोंडी विचारू नका, लिहून द्या: न्यू जर्सीत विशेष गरजांचं मूल घेऊन येणाऱ्यांसाठी

२०११ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीहून न्यू जर्सीत आलो, तेव्हा माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा होता आणि त्याच्या तोंडात चारच शब्द होते. तिसऱ्या आठवड्यात मी घराजवळच्या शाळेच्या ऑफिसात गेले. काचेमागच्या बाईंना सांगितलं की मुलगा बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही, काही मदत मिळेल का. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, किंडरगार्टनची नोंदणी पाचव्या वर्षी असते, तेव्हा या. मी थँक्यू म्हणून घरी आले. मला वाटलं, सरकारी उत्तर मिळालं, आता थांबायचं.

दीड वर्ष थांबलो. त्या दीड वर्षात त्याला रोजची शाळा, स्पीच थेरपी आणि दारातून ने-आण करणारी बस, सगळं एक पैसा न भरता मिळू शकलं असतं. इथे आयडिया नावाचा, विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा आहे. त्याचं मूळ १९७५ सालचं आहे. या कायद्याने मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसापासून त्याच्या विशेष शिक्षणाची जबाबदारी तुमच्या टाउनच्या शाळा डिस्ट्रिक्टवर येते. पाचव्या वर्षापासून नाही, तिसऱ्यापासून. त्या बाईंनी मला फक्त नोंदणीचं वय सांगितलं होतं. मी विचारलं तोंडी, त्याची नोंद कुठेच झाली नाही, म्हणून कुणावर काही बंधनही आलं नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. आल्या आल्या, घरात सोफा यायच्या आधी, एक पत्र लिहा. डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेस विभागाच्या डायरेक्टरच्या नावाने. वर तारीख, मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता. मग सरळ एक वाक्य: माझ्या मुलाचं विशेष शिक्षणासाठी चाइल्ड स्टडी टीमकडून इव्हॅल्युएशन व्हावं अशी मी विनंती करते. (चाइल्ड स्टडी टीम म्हणजे शाळेच्या तज्ज्ञांचा गट, इव्हॅल्युएशन म्हणजे तपासणी.) खाली चार-पाच ओळींत काय दिसतं ते. 'हट्टी आहे' असं लिहू नका. 'दोन शब्द जोडून बोलत नाही, मिक्सर लावला की कान दाबून खाली बसतो, पोळीचा तुकडा तोंडात घेत नाही' असं लिहा. पत्र स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मागून घ्या, नाहीतर सर्टिफाइड मेलने पाठवा. पत्र पोहोचलं की दिवस मोजले जातात. २० दिवसांत तुमच्यासोबत बैठक घ्यावी लागते. त्यात शाळेच्या सुट्ट्या धरत नाहीत, पण उन्हाळ्याची मोठी सुट्टी धरतात, त्यामुळे जूनमध्ये आलात तरी सप्टेंबरची वाट बघू नका. तुम्ही तपासणीच्या संमतीवर सही केल्यापासून ९० दिवसांत तपासण्या, पात्रतेचा निर्णय आणि आयईपी, म्हणजे मुलासाठी खास बनवलेली लेखी शिक्षण योजना, सुरू होणं, हे सगळं व्हायला हवं. माझ्या पत्राचा शिक्का ४ मार्च २०१३ चा आहे. ते पत्र अजून फाइलमध्ये पहिल्या पानावर ठेवलंय.

व्हिसाची भीती घालणारे भेटतील. एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असताना मुलाला स्पेशल एज्युकेशन घेतलं तर ग्रीन कार्ड अडतं, असं मलाही एका जुन्या, चांगल्या शिकलेल्या कुटुंबाने सांगितलं होतं. असं काही नाही. सरकारी शाळेचा हक्क व्हिसावर अवलंबून नसतो, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवलंय. आपल्या लोकांमध्ये ऐकीव माहिती खात्रीने सांगायची फार सवय आहे. प्रत्येकाला विचारा, 'हे तुम्ही कुठे वाचलं?'

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर शाळा नाही, अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठीची सरकारी थेरपी सेवा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईवडील स्वतः फोन करू शकतात. ४५ दिवसांत तपासणी होऊन योजना ठरायला हवी. तपासणी फुकट असते, थेरपिस्ट घरी येतात, थेरपीचा काही भाग उत्पन्नाप्रमाणे भरावा लागतो. तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी शाळेत जाण्याबद्दलची बैठक होते. ती झाली नाही तर तुम्ही मागा, कारण वाढदिवसाला ही सेवा बंद होते.

'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे बाबा चार वर्षांचे होईपर्यंत गप्प होते', हे फोनवर सगळे सांगतील. प्रेमाने सांगतील. ऐकून घ्या आणि तरीही फोन करा. इथले बालरोगतज्ज्ञ दीड आणि दोन वर्षांच्या तपासणीत ऑटिझमसाठी प्रश्नावली भरून घेतात. ती भरताना आपण मुलाला पास करायला बघतो. मीही पुढे धाकटीच्या वेळी पेन हातात घेऊन 'कधीकधी बोट दाखवते' याला हो म्हणावं का, म्हणून थबकले होते. परीक्षा नाही ती. खरं तेच लिहा. आणि एक कळकळीने सांगते: 'सहा महिने आजी-आजोबांकडे ठेवू, घरात माणसं असली की बोलायला लागेल' म्हणून मुलाला भारतात पाठवू नका. मी अशी तीन कुटुंबं पाहिली. मूल परत आलं तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती आणि अर्ली इंटरव्हेन्शनचा दरवाजा बंद झाला होता. आजी-आजोबांना इकडे बोलवा.

आता आयईपीची बैठक. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपली माणसं इथे गप्प बसतात. टेबलाभोवती सहा-सात जण असतात: सायकॉलॉजिस्ट, लर्निंग कन्सल्टंट, सोशल वर्कर, स्पीच थेरपिस्ट, शिक्षक. सगळे हसतमुख. सुरुवात होते ती 'तो किती गोड आहे, आम्हाला सगळ्यांना आवडतो' इथून. हे लोक मनापासून बोलतात, त्यात खोटं नसतं. पण त्या गोडव्याने आपण विरघळतो आणि कागदात काय आहे ते बघत नाही. आपल्याकडे मास्तरांसमोर उलटं बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं असतं. इथे शाळेला आईवडिलांचे प्रश्न अपेक्षित असतात. कायद्याने तुम्ही त्या टीमचे सदस्य आहात, पाहुणे नाही.

कागदात आकडे बघा. स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला की गटात, गट असेल तर किती मुलांचा. 'गरजेप्रमाणे' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तिथे आकडा मागा, कारण 'गरजेप्रमाणे' याचा हिशेब पुढे मागता येत नाही. आमच्या पहिल्या आयईपीत ध्येय होतं 'संवाद सुधारेल'. मी आणखी दोन बैठका घेऊन ते बदलून घेतलं: 'पाणी, खाऊ, बाथरूम आणि नको, या चार गोष्टी पाचपैकी चार वेळा स्वतःहून चित्रकार्डाने मागेल.' वर्षाअखेरीस ते झालं की नाही हे कुणीही सांगू शकत होतं. आणि झालं. डिसेंबरात एके दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि पाण्याचं कार्ड माझ्या कणकेच्या हातावर ठेवून उभा राहिला. त्या कार्डाला अजून कणीक चिकटलेली आहे.

तपासणीचे अहवाल बैठकीच्या किमान १० दिवस आधी हातात मिळायला हवेत. मिळाले नसतील तर बैठक पुढे ढकला. दुभाषा मागायचा हक्क आहे. तुमचं ऑफिसातलं इंग्रजी उत्तम असेल तरी मुलाबद्दल बोलताना कंठ दाटतो, तेव्हा शब्द सापडत नाहीत. नवरा-बायको दोघांनी जा. आपल्याकडे बाबा 'मीटिंग आहे' म्हणून लॅपटॉपसमोर राहतात आणि आई एकटी जाते. बाबांनो, त्या दिवशी रजा टाका. आणि त्याच टेबलावर सही करू नका, घरी नेऊन वाचा. पहिली आयईपी तुमच्या लेखी संमतीशिवाय सुरूच होत नाही. नंतरच्यांचं उलट आहे: प्रत मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेऊन दाद मागितली नाही, तर ती आपोआप लागू होते. शाळेची तपासणी पटली नाही तर शाळेच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते. अडलात तर स्पॅन या पालकांच्या संस्थेला फोन करा, ते यासाठीच आहेत.

विम्याचं थोडक्यात. न्यू जर्सीत २००९ च्या कायद्याने ऑटिझमच्या उपचारांना विमा द्यावा लागतो, पण तुमच्या कंपनीचा प्लॅन सेल्फ-फंडेड असेल, म्हणजे उपचाराचे पैसे कंपनी स्वतःच भरत असेल, तर राज्याचा हा कायदा त्याला लागू होत नाही. नोकरी स्वीकारण्याआधी एचआरला विचारा की प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का आणि त्यात एबीए (ऑटिझमसाठीची वर्तनावर काम करणारी थेरपी) आणि स्पीच थेरपी आहे का. पगाराची घासाघीस सगळे करतात, हे कुणी विचारत नाही. प्रोजेक्ट संपून दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर आयईपीची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, ट्रकमध्ये नको. नव्या शाळेने त्याच्याशी मिळत्याजुळत्या सेवा लगेच द्यायच्या असतात.

घर भाड्याने घेताना जवळ तळं, नदी, उघडा स्विमिंग पूल आहे का बघा. ऑटिझमची बरीच मुलं घरातून निसटतात आणि पाण्याकडे ओढली जातात. दाराला वर, हात पोहोचणार नाही अशी कडी लावा. पोहायला लवकर शिकवा.

पुढचं वाटतं लांबचं, पण लवकर येतं. १८ पूर्ण झालं की कायद्याने मूल सज्ञान होतं, आणि त्याचे निर्णय घ्यायला गार्डियनशिप, म्हणजे कायदेशीर पालकत्व, कोर्टातून घ्यावी लागते. आम्ही सध्या त्याच तयारीत आहोत. २१ ला एच-फोर संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग बघता ज्यांचं मूल आज दहा वर्षांचं आहे त्यांनी आजच चांगल्या इमिग्रेशन वकिलाकडे एक तास बसावं. आणि गावाकडच्या आजोबांना सांगा, नातवाच्या नावावर जमीन किंवा एफडी करू नका. पुढे त्याला इथली एसएसआय, म्हणजे अपंगांना मिळणारी सरकारी मासिक मदत, मिळायची वेळ आली तर त्याच्या नावावर २००० डॉलरच्या वर मोजण्याजोगी मालमत्ता चालत नाही. त्याच्यासाठी स्पेशल नीड्स ट्रस्ट असतो, द्यायचं ते त्यात द्यावं.

मराठी सोडू नका. मला एका तज्ज्ञाने सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला, नाहीतर गोंधळेल. मी दोन वर्षं माझ्याच मुलाशी परक्या भाषेत बोलले. सासूबाई आल्या की त्याच्याजवळ नुसत्या बसून राहायच्या. दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांची भाषा मागे पडते असं संशोधनात दिसलेलं नाही, हे मी नंतर वाचलं. आता तो टॅबलेटवर बटण दाबून बोलतो. त्यातल्या वीस बटणांत आम्ही सासूबाईंच्या आवाजात मराठी भरलंय. 'भूक लागली' हे तो शाळेतही त्यांच्याच आवाजात सांगतो, आणि त्याची एड, म्हणजे शाळेतली मदतनीस, जी मूळची पोर्तो रिकोची आहे, तिला ते कळतं.

आपल्या लोकांपासून मुलाला लपवू नका. मंडळात मुलांच्या गणिताच्या क्लासची आणि स्पेलिंगच्या बक्षिसांची चर्चा चालते, तेव्हा पोटात कालवतं हे मला माहीत आहे. मी तीन वर्षं दिवाळीला गेलेच नाही. लोक टोचून बोलतात त्यापेक्षा न कळून जास्त बोलतात. एकदा माइकवर जाऊन मी दोन मिनिटांत सांगितलं की माझ्या मुलाला ऑटिझम आहे, तो ओरडला तर बघत राहू नका, वाट द्या. त्या रात्री पाच आयांनी मला फोन केले. तेव्हापासून आमच्या गणपतीत ढोल-ताशा सुरू व्हायच्या आधी घोषणा होते आणि हॉलच्या बाजूची खोली दिवे मंद करून मोकळी ठेवतात. तिथे सतरंजी असते, कानावर लावायचे दोन जास्तीचे हेडफोन असतात, आणि साधा वरणभात वेगळा काढलेला असतो. मुलाला घेऊन सरळ तिथे या. मी आरतीनंतर तिथेच असते. पत्राचा मसुदा पर्समध्ये असतो. तुमची तारीख आणि नाव घालून आपण तो तिथेच बसून भरू.